योसेफ अजून तुरुंगातच आहे

फोन आला तेव्हा मी कामठीहून नागपूरला येणाऱ्या ऑटोत बसले होते. आईला भेटून परत निघाले होते. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत आईने कोंबलेली वांगी. ऑटोवाला सीटा भरल्याशिवाय हलायला तयार नव्हता. फोन दीपकचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा होता. कुठे पोचलीस, म्हणून त्याने विचारलं. अजून स्टँडवरच आहे, म्हटलं. तो म्हणाला, “ताई गेली. दुपारी झोपली होती, उठलीच नाही. तू ये, पन घाई नको करू.” मी ऑटोवाल्याला काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? त्याला अजून दोन सवाऱ्या हव्या होत्या. तापलेल्या टपाखाली, पिशवी घट्ट धरून, मी त्या दोन सवाऱ्यांची वाट बघत बसले. घाई करून पोचावं असं आता काही राहिलं नव्हतं, हे कळायलाही मला अर्धा रस्ता लागला.

त्याला आता काही आठवडे झाले. घरात माणसं येऊन गेली, परत गेली, खुर्च्या मांडववाल्याकडे परत गेल्या. मी मात्र अजून थकलेलीच आहे. रडून थकावं तसं हे थकणं नाही. बरीच वर्षं एखाद्या आजारी घरात वावरल्यावर अंगात जे साचतं, तसं काहीतरी आहे. एस्तेरताई माझी थोरली ननंद. महानगरपालिकेच्या शाळेत त्या लहान वर्गांना शिकवायच्या. आणि रविवारी, सकाळच्या उपासनेच्या वेळी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. जरीपटक्याच्या बाजाराकडून आत वळलं की लागणाऱ्या वस्तीतली, इस्त्रीवाल्यांची, ऑटोवाल्यांची, नर्सबाईंची, सगळ्यांची मुलं तिथे सतरंजीवर बसायची. हे काम त्यांनी लग्नाच्या आधी धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

मी त्या घरात आले ती बाहेरून आले. माझं माहेर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली, घरात रोज वंदना. दीपक आणि मी एकाच ऑफिसात होतो, तिथे जमलं. दोन्ही घरी बरेच दिवस अबोला होता. तो सरल्यावर लग्न झालं, आणि पहिल्याच रविवारी सगळे चर्चला निघाले तेव्हा मी काय करावं ते मला कळेना. घरी एकटी थांबले तर वाईट दिसेल आणि गेले तर तिथे उभं कधी राहायचं, बसायचं कधी, तेही ठाऊक नाही. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तू माह्यासोबत चाल वं सुनंदा. पोरांमंधी बस. तिथं कोनी काही इचारत नाही.” म्हणून मी मुलांमध्ये, अगदी मागे, भिंतीला टेकून बसले. त्यानंतरही इतक्या वर्षांत, तू आमच्यात कधी येणार, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी योसेफाची गोष्ट चालू होती. मी ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. म्हाताऱ्या याकोबाचा लाडका मुलगा, बापाने त्याला दिलेला पायघोळ झगा, जळणारे भाऊ. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, मग वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकून टाकलं. परक्या मिसर देशात तो गुलाम झाला. तिथे मालकाच्या बायकोने खोटा आळ घेतला आणि तो तुरुंगात पडला. ताई हातवारे फारसे करायच्या नाहीत. शाळेत दिवसभर मुलांसमोर बोलून त्यांचा आवाज बसकाच झाला होता, त्याच आवाजात, घरातली गोष्ट सांगावी तसं सांगायच्या. तुरुंगात राजाचा प्यालेबरदारही होता, म्हणजे राजाला पेला भरून देणारा नोकर. योसेफाने त्याच्या स्वप्नाचा अर्थ लावून दिला, तू तीन दिवसांत सुटशील म्हणून सांगितलं, आणि सुटलास की राजाजवळ माझं नाव काढ, अशी विनवणी केली. प्यालेबरदार खरंच सुटला. आणि योसेफाला विसरून गेला... एवढं सांगून ताईंनी पुस्तक मिटलं. मुलं थांबली. ताई म्हणाल्या, झालं आजचं.

पुढच्या रविवारी मी स्वतःहून गेले. ताईंनी गाणं म्हणून घेतलं, प्रार्थना घेतली, आणि मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं की नाही, आज कोणी आलं नाही त्याला सोडवायला. मग तुरुंगात योसेफ काय करत असेल, हे त्यांनी मुलांनाच विचारलं. कोणी म्हणालं रडत असेल, कोणी म्हणालं भिंत फोडत असेल. त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. मुलं वैतागली. मीही वैतागले होते. घरी पोळ्या करताना मी त्यांना विचारलं, की ताई, तो सुटतो तरी का? त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, रविवारी ये. बायबल समोर कपाटावर होतं, मी उघडून बघू शकले असते. नाही बघितलं. का ते आजही सांगता येत नाही.

मग एका रविवारी तो सुटला. राजाला, फारोला, स्वप्न पडलं, अर्थ कोणाला लागेना, तेव्हा प्यालेबरदाराला तुरुंगातल्या त्या तरुणाची आठवण झाली. शिपाई धावत आले. पण योसेफ तसाच नाही गेला राजासमोर, ताई सांगत होत्या. त्याने आधी दाढी केली. मग कपडे बदलले. मग गेला. दाढीपाशी मुलं खदखदून हसली, कोणी हाताने गालावर वस्तरा फिरवून दाखवला, आणि मागे बसलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे तो मोठा अधिकारी झाला, दुष्काळात त्याने भावांना अन्न दिलं, हे सगळं मी ऐकलं. पण मला त्याची ती दाढी तेवढी लक्षात राहिली.

वर्षा-दोन वर्षांनी ही गोष्ट यायची आणि दर वेळी ताई योसेफाला तुरुंगात ठेवायच्या. यावरून तक्रारीही झाल्या. एका वर्षी चर्चच्या नव्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पत्नी घरी आल्या. भल्या बाई होत्या. त्यांचं म्हणणं, मुलांना एका बैठकीत पूर्ण गोष्ट मिळायला हवी, देवावर भरवसा ठेवला की देव सोडवतो हे त्याच दिवशी कळायला हवं, रंगीत चित्रं आणली आहेत तीही दाखवता येतील. ताईंनी चहा दिला, चित्रं घेतली, छान आहेत म्हणाल्या. आणि म्हणाल्या की एका बैठकीत सांगितलं तर मुलांना एवढंच कळतं की योसेफ अर्ध्या तासात सुटला. पाहुण्या हसल्या. पुढे कोणी काही म्हटलं नाही.

त्याच सुमारास वर्गात कोमल नावाची एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. तिची आई घरोघरी कपडे धुवायची आणि वडील सुरतेला कामाला म्हणून गेले होते, ते परत आले नव्हते. आज येतील, दिवाळीला येतील, असं चाललं होतं. इतर मुलं योसेफ कधी सुटतो म्हणून ओरडत होती, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बाई, त्याले माहीत होतं का, तो सुटन म्हणून?”

ताई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “नाही बेटा. आपल्याले माहीत आहे, कारन आपन गोष्ट ऐकून राहिलो. त्याले काहीच माहीत नव्हतं. तो सकाळी उठे, अन् तिथलं काम करे. देव संगं आहे, एवढंच त्याले वाटे. कधी तेबी वाटत नसन.” हे शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नसणार. पण कोमलने मान हलवली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ताई मुलांना नुसती धीराची गोष्ट सांगत नाहीत.

ताईंना मूल नव्हतं. म्हातारपणी मूल झालेल्या सारेची आणि मुलासाठी मंदिरात रडणाऱ्या हन्नाची गोष्ट आली की त्या सोबतच्या दुसऱ्या बाईंना सांगायला लावायच्या आणि स्वतः मुलांसाठी चिवड्याच्या पुड्या बांधत बसायच्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांचे यजमान, प्रभाकर भाऊजी, बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात फिटर होते. आमच्याच आवारात मागच्या दोन खोल्यांत ती दोघं राहायची. भाऊजी फार बोलके. कारखान्याच्या बसमधून उतरले की गल्लीच्या तोंडापासून त्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि ताई गॅस पेटवायच्या. एका संध्याकाळी बस आली, पण आवाज आला नाही. सोबतच्या माणसांनी त्यांना धरून आणलं. बसमध्येच लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

वाचा परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. काहींची येते, काहींची उशिरा येते, वाट बघा. त्या दिवसापासून ताईंनी वाट बघितली... पुढची सात वर्षं. शाळेच्या आधी त्यांचं अंग पुसणं, शाळेनंतर व्यायाम, संध्याकाळी पाटीवर अक्षरं. ‘अ’ म्हणा, ‘आ’ म्हणा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलेलं तेच सगळं त्या नवऱ्याला पहिल्यापासून शिकवत होत्या. भाऊजी तोंड उघडायचे, घशातून एक जाड आवाज यायचा आणि ते मान भिंतीकडे वळवायचे. मी तोवर नोकरी सोडली होती, ताई शाळेत असताना भाऊजींजवळ मी असायचे; दीपक सकाळी उचलायला मदत करायचा. रविवारी चर्चला निघायच्या आधी ताई भाऊजींना खुर्चीत बसवून त्यांची दाढी करायच्या. गळ्याभोवती टॉवेल, वाटीत कोमट पाणी. आठवडाभर वाढलेली असायची, पण रविवार त्यांनी चुकवला नाही. मग साडी बदलून त्या मुलांकडे जायच्या. वर्गात प्रार्थनेच्या वेळी मुलं न सांगता म्हणायची, देवा, काकांना बोलता येऊ दे.

एकदा नात्यातल्या कोणीतरी बाहेरगावचे एक प्रार्थना करणारे गृहस्थ घरी आणले. त्यांनी भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यांदा प्रार्थना केली. मग, विश्वास धर आणि बोल, असं पुन्हापुन्हा सांगू लागले. भाऊजींनी खरंच जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण शब्द आला नाही. ते गृहस्थ मग ताईंकडे वळून म्हणाले की घरात कुठेतरी विश्वास कमी पडतो आहे. ताईंनी त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला, बिस्किटं पुढे केली. ते निघाले तेव्हा त्या दारापर्यंत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुमी प्रार्थना करा, पन घरूनच करा. त्यायले रडवाले इथं नका येऊ.” परत आत येऊन त्यांनी भाऊजींचं तोंड पुसलं आणि रेडिओ लावला.

भाऊजी गेले ते एक शब्दही न बोलता गेले. हिवाळ्याचे दिवस होते. शवपेटीत ठेवायच्या आधी शेवटची दाढीही ताईंनीच केली, कोणाला हात लावू दिला नाही. दफन गुरुवारी झालं आणि त्या रविवारी सकाळी बघते तर ताई साडी नेसून पायरीवर चपला घालत होत्या. मी त्यांना अडवलं नाही, सोबत गेले. वर्गात योसेफ तेव्हाही तुरुंगातच होता. आम्ही आत गेलो तशी मुलं एकदम गप्प झाली. आयांनी घरी समजावून पाठवलं असणार. पण पुढे बसलेल्या एका लहानग्याला राहवलं नाही. तो म्हणाला, “बाई, आमी त रोज प्रार्थना केली होती. देवानं काहून नाही ऐकलं?”

मागे उभ्या दोघी-तिघींनी त्याला दटावलं. ताईंनी हाताने त्यांना थांबवलं. “केली होती ना राजा,” त्या म्हणाल्या, “मीबी केली होती. काहून नाही ऐकलं, ते मले माहीत नाही. माहीत असतं त तुले सांगितलं असतं.” पुढे म्हणाल्या, “मी देवाले इचारूनच राहिली. तूबी इचार. राग आला असन त तेबी सांग त्याले. पन बोलनं नको सोडू.” बाहेर चर्चमध्ये पेटी वाजत होती. मग ताईंनी, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, गोष्ट पुढे नेली. राजाला स्वप्न पडलं. प्यालेबरदाराला आठवण झाली. शिपाई धावत आले. योसेफाला म्हणाले चल. पण योसेफाने आधी...

त्या तिथे थांबल्या. ओठ हलले, आवाज आला नाही. मुलांना वाटलं विसरल्या. मला ठाऊक होतं, पण मी उठले नाही. तेव्हा मागच्या रांगेतून कोमल उठली. आता ती चौदा-पंधरा वर्षांची उंच पोरगी झाली होती. ती पुढे येऊन ताईंच्या बाजूला उभी राहिली आणि मुलांना म्हणाली की योसेफाने आधी दाढी केली, मग स्वच्छ कपडे घातले, मग तो राजासमोर गेला. त्या दिवशी मुलं हसली नाहीत. पुढची सगळी गोष्ट, भाऊ येतात, तो त्यांना ओळखतो, खोलीत जाऊन रडतो, सगळं कोमलने सांगितलं. ताई खुर्चीवर बसून, मुलांसारख्याच, तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, “पोरीनं चांगली सांगितली.” कोमलचे वडील तोपर्यंतही आले नव्हते. आजही आलेले नाहीत.

त्यानंतरची ताईंची वर्षं एका लयीत गेली. शाळेतून निवृत्त झाल्या, हृदय कमजोर निघालं, पायांवर सूज राहू लागली. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले की आता आराम करा, तरुण मुली तयार आहेत. ताई त्यांना हो म्हणाल्या आणि रविवारी ई-रिक्षा बोलावून गेल्या. एकदा परतल्यावर त्यांना पायरी चढवेना. मी त्यांना धरून वर घेतलं, पंख्याखाली बसवलं, आणि थोडी चिडूनच विचारलं की ताई, तुम्ही थकत कशा नाही? त्यांनी चपला काढता काढता माझ्याकडे पाहिलं. “थकली ना वं,” म्हणाल्या. “लई थकली. सकाळी वाटते का आज नको. मंग वाटते, पोरं तिथं बसून राहिली असतीन.” मला वाटलं होतं की विश्वास असलेल्या माणसाला थकवा येत नसेल. ताईंना रोज यायचा. तो घेऊनच त्या जायच्या.

त्यांच्या शेवटच्या रविवारी मी सोबत नव्हते. दफनभूमीत मात्र वर्गातली सगळी मुलं आली होती, रांगेने, इस्त्रीच्या कपड्यांत. माती देऊन झाल्यावर सहा-सात वर्षांच्या एका मुलीने माझा पदर ओढला. तिचं नाव रिया, हे मला नंतर कळलं. तिने कुजबुजत विचारलं की योसेफाला आता कोण सोडवणार. मला आधी समजलंच नाही. मग समजलं, शेवटच्या रविवारी ताईंनी त्याला तुरुंगातच ठेवलं होतं. पुढे दोन रविवार मुलांना कोणी शिक्षिका नव्हती, ती मोठ्यांसोबत बाकांवर चुळबुळत बसली. पाळकसाहेबांनी मला गाठून विचारलं की कोणी मिळेपर्यंत मुलांना सांभाळाल का. मी सांगितलं की मला शिकवता येत नाही, मी तुमच्यातली धड आहे की नाही तेही मला माहीत नाही. ते म्हणाले, मुलं तुम्हाला ओळखतात. मी तयार झाले ते एकाच हिशेबाने. एक रविवार जायचं, योसेफाला सोडवायचं आणि मोकळं व्हायचं. अंगात त्याहून जास्त बळ नव्हतं.

गेल्या रविवारी गेले. ताई बसायच्या ती खुर्ची रिकामी ठेवून मुलांनी सतरंजीवर अर्धं वर्तुळ केलं होतं. मला त्या खुर्चीवर बसवेना, मी सतरंजीवरच बसले, भिंतीपाशी नाही, मुलांच्या समोर. म्हटलं, आज मी तुम्हाला पुढचं सांगते. बारा-तेरा वर्षांचा एक मोठा मुलगा होता, त्याने हात वर केला. तो म्हणाला, “आमाले माहीत आहे पुढचं. पन या लहान्यायले आता नका सांगू. यायले एक रविवार बसू द्या. आमालेबी बसवलं होतं बाईनं.” बाकीच्या मोठ्यांनी माना हलवल्या. लहानग्यांनी कुरकुर केली, पण खरं सांगायचं तर फार नाही. मला हसू आलं की रडू, कळलं नाही. मग आम्ही तुरुंगात योसेफ काय करत असेल त्यावर बोललो. कोणी म्हणालं झाडत असेल. कोणी म्हणालं दुसऱ्या कैद्यांना पाणी देत असेल. रिया म्हणाली की त्याला झोप येत असेल, पण तो उठत असेल. तोवर चर्चमध्ये शेवटचं गीत सुरू झालं.

मुलं गेली. मी खिडक्या लावल्या, सतरंजी झटकून गुंडाळी करत होते. आता ताईंची खुर्ची भिंतीकडे सरकवायची तेवढी राहिली होती. रिया दारातून परत आली, चपला हातात घेऊन. म्हणाली, “मंग पुढच्या रविवारी तुमीच येसान ना?”

ताई त्याला इतके रविवार तुरुंगात का ठेवायच्या, याचं अर्धं कारण त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. मुलं वाट बघत बसली की सांगणाऱ्यालाही उठून यावंच लागतं.

“हो,” मी म्हटलं. “मीच येईन.”

ती पळाली. मी खुर्ची होती तिथेच राहू दिली आणि दार ओढून घेतलं.